पालीतला मुरादचा रुपया

माझी नोकरी लोकांची निराशा करण्याची होती. जाहिरातीत तसं लिहिलेलं नव्हतं, पण काम तेच. मुंबईत, फोर्टात, जुन्या नाण्यांचे लिलाव करणाऱ्या एका शेठकडे मी तीसेक वर्षं काढली. लोक पिशवीतून, रुमालातून, औषधाच्या बाटलीतून नाणी आणायचे. मी ती भिंगाखाली धरायचो आणि बहुतेकांना सांगायचो, ह्यात काही नाही, घरी न्या. काही जण रडायचे, काही भांडायचे. एका गृहस्थांनी माझा चष्मा तपासून घेण्याचा सल्ला दिला आणि डॉक्टरचं नावही सुचवलं.

निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो. मीरा रोडला पूनम सागरमध्ये घर आहे, गॅलरीत खुर्ची आहे, आता कोणाचं मन मोडायला नको. पण तेवढ्यात मोबाईलवर ते व्हिडिओ सुरू झाले. अमुक नोट असेल तर तमुक लाख, घरबसल्या. आमच्या इमारतीच्या वॉचमनने कोणाला तरी सांगितलं की तिसऱ्या मजल्यावरचे काका नाणीवाले आहेत, आणि माझं दुकान फुकटात पुन्हा उघडलं.

नया नगरचा एक शिंपी आला. तरुण, नम्र, प्लास्टिकच्या फाइलमध्ये पाच रुपयांची ट्रॅक्टरचं चित्र असलेली नोट. म्हणाला, ‘अंकल, व्हिडिओ में सात लाख बोला है.’

मी म्हटलं, ‘तो व्हिडिओवाले को ही दे दो ना, बेटा.’

‘वो पहले पाँच हज़ार माँग रहा है. रजिस्ट्रेशन का.’

मी त्याला समजावलं की सात लाख द्यायला बसलेला माणूस आधी पाच हजार मागत नाही. त्याला ते पटलं, पण माझा राग आला. पैसे वाचवले म्हणून कोणी आभार मानत नाही, स्वप्न मोडलं म्हणून मात्र चेहरा पडतो. जाताना त्याने नोट पुन्हा त्याच फाइलमध्ये नीट सरकवली. मला माहीत होतं, तो दुसऱ्या कोणाला तरी दाखवणार.

दुसरे एक भाईंदरचे जमीनवाले गृहस्थ. गळ्यात जाड साखळी, बरोबर ड्रायव्हर. त्यांच्याकडे ‘तांदूळ खेचणारं’ नाणं होतं. ही फसवणूक फार जुनी आहे. आत चुंबक दडवलेला तांब्याचा एक नवा तुकडा असतो, त्यावर देवाचं चित्र आणि इंग्रजांच्या कंपनीचं नाव ठोकलेलं. विकणारा तांदूळही स्वतःच आणतो आणि त्या तांदळात आधीच लोखंडाचा कीस बसवलेला असतो. नाणं जवळ नेलं की दाणे सरकतात आणि ते नाणं घ्यायला माणूस जमीन विकायला तयार होतो. मी आतून आमच्या डब्यातला मूठभर तांदूळ आणून टेबलावर पसरला. नाणं वरून फिरवलं, खालून फिरवलं. आमचा कोलम जागचा हलला नाही. गृहस्थांनी दोन दाणे चिमटीत धरून नाण्याला लावून बघितले. मग चहा घेतला आणि हळूच म्हणाले, ‘घरी कोणाला बोलू नका.’ त्यांच्या घरचं कोणीच माझ्या ओळखीचं नव्हतं, तरी मी शब्द दिला.

अशाने माणूस दमतो. अंग नाही दमत, जीभ दमते. तीच वाक्यं, तोच पडलेला चेहरा, तोच चहा. एखादं खरं नाणं यावं, एखाद्याला तरी हो म्हणावं, असं वाटायचं. मग ते आलं, आणि ते प्रकरण सगळ्यांत जड गेलं.

रेजिन मावशी पालीच्या. उत्तनच्या बाजूची, समुद्रकाठची पाली. नवरा बोटीवर होता, वारला. त्या सुकी मासळी घेऊन भाईंदरच्या बाजारात बसतात. आमच्या सोसायटीतल्या एक बाई त्यांच्याकडून सोडे घेतात, त्यांनी माझा पत्ता दिला. मावशी दारात आल्या आणि त्यांच्या आधी बोंबलाचा वास घरात आला. सुधाने, म्हणजे माझ्या बायकोने, खिडकी उघडली आणि कौतुकाने विचारलं, ‘मावशी, करंदी आहे का?’

मावशींनी पिशवीतून प्लास्टिकची डबी काढली. आत कापूस, कापसात चांदीचं नाणं. मी सवयीने ‘ह्यात काही नाही’ म्हणायच्या तयारीत होतो. भिंग लावलं आणि पुन्हा पुसून लावलं.

थोडं समजावून सांगायला हवं. त्या काळी नाणी यंत्राने पडत नसत. चांदीची चकती ठशावर ठेवून हातोड्याने ठोकत. ठसा मोठा, चकती लहान, त्यामुळे मजकुरातला एखादाच तुकडा नाण्यावर उतरायचा. बादशहाचं पूर्ण नाव एका नाण्यावर मिळणं हा नशिबाचा भाग. फारसी अक्षरं मी नोकरीतच शिकलो, आधी पोट भरायला आणि मग आवडीने. ह्या नाण्यावर एका बाजूला नाव स्वच्छ उतरलं होतं. मुराद बक्ष बादशहा. खाली सुरतेच्या टाकसाळीचा अर्धा शब्द.

हा मुराद शहाजहानचा सगळ्यांत धाकटा मुलगा. गुजरातचा सुभेदार होता. बाप आजारी पडल्याची बातमी आली तेव्हा ह्याने अहमदाबादेत स्वतःला बादशहा जाहीर केलं आणि आपल्या नावाचे रुपये पाडले. राज्य कसलं, थोडे महिने. औरंगजेबाने आधी भाऊ भाऊ करून बरोबर घेतलं, मग कैद केलं, पुढे ग्वाल्हेरच्या किल्ल्यात मारलं. हरलेल्या राजाच्या चांदीला पुढचा राजा वितळवून आपलं नाव देतो. म्हणून मुरादचे रुपये कमी उरले. नोकरीत मी हाताळले ते मोजकेच, आणि असं पूर्ण नाव एकावरही नव्हतं.

मी नाणं उलटं केलं. दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. एक अक्षर नाही. नुसती गुळगुळीत, मधे खोलगट झालेली चांदी. बाजारात फिरून नाणं असं झिजत नाही. बाजारात दोन्ही बाजू सारख्या झिजतात.

‘मावशी, ह्याचं काय करता तुम्ही?’

‘बाळाला देतो.’

बाळगुटी आपल्याकडे नवी नाही. सहाणेवर वेखंड, हळकुंड, जायफळ, एकेक वेढा आईच्या दुधात उगाळून तान्ह्याच्या जिभेला लावायचं. कुठे सोन्याचा वेढाही देतात. मावशींच्या घरात शेवटचा वेढा ह्या नाण्याचा असे. त्यांच्या सासूने दिला, सासूच्या सासूने दिला, त्यापलीकडचं कोणाला माहीत नाही. घरात जन्मलेलं प्रत्येक मूल ह्या रुपयाचा कण पोटात घेऊन मोठं झालं होतं.

‘पण मग एकच बाजू का झिजली?’

मावशींना हा प्रश्न बावळट वाटला असावा. ‘दुसऱ्या बाजूला कोनाचा तरी नाव हाय ना. नाव कसा घासायचा? सासू सांगून गेली, लिवलेली बाजू सहाणंला लावायची न्हाय.’

त्या मुरादचं नाव सख्ख्या भावाने पुसायला घेतलं होतं. आणि पालीतल्या बाया, ज्यांना ती लिपी कुठली हेही ठाऊक नव्हतं, ते कोणाचं तरी नाव आहे एवढ्यावरून ते सांभाळत आल्या. मी उठून पाणी प्यायलो. मग बसून मावशींना मुरादची सगळी गोष्ट सांगितली. खूप दिवसांनी मी कोणाला तरी हो म्हणत होतो. तुमचं नाणं खरं आहे, फार दुर्मीळ आहे, संग्राहक ह्याच्यासाठी रांग लावतील.

मावशींनी ऐकून डबी पुढे ओढली. मग म्हणाल्या, ‘ते ऱ्हाऊ दे. मना एक चिठ्ठी पायजे. साधा चांदीचा रुपया हाय, आसा लिवून दे. विमानतळावर दाखवाला.’

तेव्हा कुठे खरी गोष्ट बाहेर आली. त्यांची मुलगी प्रिस्का कॅनडात नर्स होती. तिला पाचवा महिना होता आणि मावशी बाळंतपणाला तिकडे जाणार होत्या. नाणं बरोबर न्यायचं होतं. गावातल्या कोणाला विमानतळावर दागिन्यांसाठी थांबवून ठेवलं होतं, त्या भीतीने त्या माझ्याकडे आल्या होत्या.

‘पयला झाला तवा रुपया हितंच ऱ्हायला,’ त्या म्हणाल्या. ‘पोरगी बोलली, मम्मी, गुटी न्हाय देत आता, डाक्टर वरडतात. मी गप ऱ्हायली. महिना पन पुरा केला न्हाय त्याने.’

सुधा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

आणि मला त्या बाईला सांगावं लागलं की शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही. कायदा आहे. ह्याच्यावर तर साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं नाव आहे. मी ‘साधा रुपया’ लिहून दिलं आणि तिथल्या कोणी ओळखलं, तर नाणं जाईल, तुम्ही अडकाल, बाळंतपण बाजूला राहील. हे सगळं खरं होतं. नोकरीत मी कधी खोटा दाखला दिला नव्हता, ह्याचा मला अभिमान होता, आणि त्या अभिमानाचंही त्या उत्तरात थोडं काम होतं.

मावशींनी डबी बंद केली. ‘तू न्हाय वाचला आसता तर बरा झाला आसता,’ म्हणाल्या आणि गेल्या. पाच मिनिटांपूर्वी तो त्यांच्या सासूचा रुपया होता. मी त्याला मुरादचा केला आणि त्यांच्या हातून काढून घेतला.

सुधा दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘एक चिठ्ठी दिली असतीत तर काय बिघडलं असतं?’

‘कायदा आहे, सुधा.’

‘कायदा मला कळतो. मी त्या बाईचं विचारतेय.’

‘नाण्याने मूल जगतं असं तुला वाटतं?’

‘मला नाही वाटत. तिला वाटतं. घाबरलेली ती आहे, मी नाही.’

त्यात भर म्हणून मी एक आगाऊपणा केला. जुन्या शेठला फोन करून नाण्याबद्दल बोललो. कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. शेठची झोपच उडाली. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे फोन सुरू. ‘अरे, एक बाजू गेली तर गेली, नाव तर फुल्ल आहे ना? तू फक्त गाठ घालून दे.’ नाव-पत्ता मी सांगितला नाही. पण निरोप पोचवणं योग्य वाटलं, म्हणून भाईंदरच्या बाजारात जाऊन मावशींना विचारलं, विकायचं आहे का?

त्यांनी माझ्याकडे न बघता टोपलीतल्या सुक्या वाकट्या सारख्या केल्या. ‘इकून काय करू? पैसं उगाळून पाजू?’

मग मी ते प्रकरण सोडलं. म्हणजे सोडल्याचं सुधाला सांगितलं. मनातून ते जात नव्हतं. रात्री बाराच्या विमानांचा आवाज आला की मावशी गेल्या असतील का, असा विचार यायचा.

मावशी गेल्याच नाहीत. पावसाळा संपता संपता त्यांचा फोन आला. नंबर सोडे घेणाऱ्या बाईंकडून मिळवला होता. आवाजात राग नव्हता. ‘पोरगी आली. हितंच बाळंत झाली. पोरगा हाय. रविवारी ये, गुटी द्यायची हाय.’

प्रिस्का आली होती! ज्या मुलीने गुटी नको म्हटलं होतं, ती सातव्या महिन्यात नोकरीवर रजा टाकून इतका लांबचा प्रवास करून पालीला आली होती. तिकडे बाळंत झाली असती तर पोराला जन्मताच तिकडचा पासपोर्ट मिळाला असता, त्यासाठी लोक काय काय करतात. तो आता भाईंदरच्या एका नर्सिंग होममध्ये जन्मलेला मुलगा झाला होता. एका नाण्यामुळे. माझ्यामुळे म्हणा. ती मुलगी मला काय बोलेल, ह्याची तयारी मी बसमध्ये करत होतो.

पालीच्या गल्ल्या म्हणजे एक स्कूटर आली की माणसाने भिंतीला चिकटायचं. घर स्वच्छ, पुढे तुळशीवृंदावनासारखा क्रूस, मागे दोरीवर बोंबील. आत प्रिस्का बाळाला घेऊन बसली होती. तिशीची, डोळ्यांखाली काळं झालेलं. तिने मला बघितलं आणि म्हणाली, ‘तुम्हीच ते नाणेवाले अंकल ना? या.’

मी तयार करून आणलेलं बोलायला लागलो. कायद्याचं, दाखल्याचं. तिने मधेच थांबवलं.

‘अंकल, तुम्ही काय चुकीचं नाही केलं. मम्मी फोनवर बोलली, नाणं सोडत नाहीत. मी तिला बोलले, बरं झालं, कटकट गेली. आणि फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडत बसले. मी नर्स आहे. पहिल्या बाळाला काय झालं होतं ते मला माहितीये, त्याच्या हार्टला प्रॉब्लेम होता. नाण्याने काय झालं नसतं. सगळं माहितीये. तरी तिकीट काढलं.’

स्वयंपाकघरात स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळत होतं. त्यात मुरादचा रुपया. प्रिस्काने तो चिमट्याने काढला, स्वच्छ फडक्यावर ठेवला आणि नर्सच्या आवाजात मला विचारलं, ‘ह्यात शिसं वगैरे नाही ना?’

ह्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. सांगितलं की सुरतेच्या टाकसाळीची चांदी आजच्या दुकानातल्या पैंजणापेक्षा चोख असते. पूर्ण शुद्ध काही नसतं, पण एवढ्याशा कणाने बाधणार नाही असं मला वाटतं. ती म्हणाली, ‘फक्त ओठाला लावणार. गिळू द्यायचं नाही.’ मावशींना एवढं मिळालं तेच खूप होतं.

त्यांनी सहाण पुढे घेतली. वाटीतलं दूध चार थेंब टाकलं. नाणं उचललं आणि तसाच हात थांबला. मग त्यांनी ते बोटांत फिरवून लिहिलेली बाजू खाली केली.

‘मम्मी?’

‘ती बाजू सपली,’ मावशी म्हणाल्या. ‘त्यात आता कायच ऱ्हायला न्हाय. सगल्यांना देऊन देऊन उतरली. ह्याला मी भरलेली बाजू देनार.’ मग माझ्याकडे वळल्या. ‘तुना वाचता येते त्याचा नाव. तूच सांग. रागवंल काय तो?’

मला त्या नाण्यावरचा प्रत्येक उंचवटा पाठ होता. सहाणेवर पहिल्या वेढ्याला कुठलं अक्षर जाईल, तेही दिसत होतं. मुरादमधला मीम, म्हणजे आपला ‘म’. असं नाव पुन्हा माझ्या आयुष्यात दिसणार नव्हतं, आणि मी नको म्हणालो असतो तर मावशींनी ऐकलंही असतं. पण त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून माझ्याच्याने नको म्हणवेना. माझं आयुष्यभर ‘नाही’ म्हणून पुरेसं झालं होतं.

‘नाही रागवणार,’ मी म्हटलं. ‘घासा तुम्ही.’

मावशींनी डोळे मिटले, क्रूसाची खूण केली आणि नाणं दगडाला टेकवलं.

प्रिस्काने बाळ माझ्या हातात दिलं. मी घाबरून ते कसंबसं सावरलं. ती खाली बसली, आईच्या मुठीतून रुपया काढून घेतला, उलटा केला आणि गुळगुळीत बाजूने स्वतः एक वेढा उगाळला. दुधात करड्या रंगाची एक अगदी बारीक रेघ उमटली. तिने करंगळी त्यात बुडवली, बाळाच्या ओठाला लावली. बाळाने तोंड वाकडं केलं.

‘अगं, त्या बाजूत काय नाय,’ मावशी पुटपुटत होत्या. ‘काय नाय ऱ्हायला त्यात.’

प्रिस्काने नाणं धुतलं, पुसलं आणि कापसात ठेवलं.

‘असू दे, मम्मी,’ ती म्हणाली. ‘भरलेली बाजू ठेव. ह्याच्या पोरांना लागेल.’

मावशींनी डबी उचलून घेतली. मग तिथेच सहाणेजवळ, माझ्यासारख्या परक्या माणसासमोर, त्या मोठ्याने रडल्या.